शिक्षक घडवायचे, तर मुख्याध्यापकांनाही सोबत घ्या

बी.एड. होऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिना-दोन महिन्यांतच दोन गोष्टी जाणवतात. महाविद्यालयात केलेलं पाठ टाचण एका तासिकेपुरतं होतं. इथे मात्र अख्खा घटक शिकवायचा, चाचणी घ्यायची, वह्या तपासायच्या आणि मागे राहिलेल्या मुलांना परत शिकवायचं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गात नवं काही करून पाहायचं, तर मुख्याध्यापकांचं पाठबळ लागतं. ते मिळालं नाही, तर दोन वर्षांत शिकलेलं सहा महिन्यांत विरून जातं.

पहिली उणीव बी.एड.च्या अभ्यासक्रमातली, दुसरी मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणातली. आपल्याकडे ही दोन कामं एकमेकांची ओळखही नसल्यासारखी चालतात. एकीकडे छात्राध्यापक सराव पाठांची संख्या पुरी करत असतात. दुसरीकडे सभागृहात मुख्याध्यापकांना शासन निर्णय वाचून दाखवले जातात. कित्येकदा दोन्ही कार्यक्रम एकाच महाविद्यालयात, त्याच प्राध्यापकांच्या हातून होतात, तरी त्यांची गाठ पडत नाही.

अध्यापक महाविद्यालयांचे प्राचार्य, प्राध्यापक आणि संस्थाचालक यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात सांगायचं आहे ते एवढंच: शिक्षक प्रशिक्षण आणि मुख्याध्यापक प्रशिक्षण हे दोन्ही कार्यक्रम त्याच निवडक शाळांमध्ये, एकाच वर्षाच्या वेळापत्रकात, एकमेकांना जोडून चालवा. अध्यापक विद्यालयं विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि परस्परांपासून तुटलेली आहेत, हे कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्येच नोंदवलं होतं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातली शाळा त्यांनी जवळून पाहिलेली होती. शाळांपासूनचा हा दुरावा आजही संपलेला नाही, आणि तो संपवायला नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आधी शाळा निवडा

सरावासाठी दरवर्षी मिळेल ती शाळा घ्यायची आणि नारळ देऊन आभार मानायचे, ही पद्धत आधी सोडा. त्याऐवजी आठ ते दहा शाळा निवडून त्यांच्याशी तीन वर्षांचा लेखी करार करा. निवड करताना निकालाचे आकडे पाहू नका, विविधता पाहा. जिल्हा परिषदेची एखादी दोन-शिक्षकी शाळा, नगरपालिकेची शाळा, अनुदानित माध्यमिक शाळा आणि जवळ असेल तर आश्रमशाळा, अशी सरमिसळ हवी. विद्यार्थ्यांना उद्या कुठेही नोकरी लागेल, तेव्हा सगळ्या प्रकारच्या शाळा त्यांनी आतून पाहिलेल्या असल्या पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि केंद्रप्रमुखांना पहिल्या बैठकीपासून सामील करा.

करारात दोन्ही बाजूंची देणी स्पष्ट लिहा. शाळेने प्रत्येक दोन छात्राध्यापकांमागे एक मार्गदर्शक शिक्षक द्यायचा, वर्ग खुले ठेवायचे आणि मुख्याध्यापकांनी वर्षभराच्या नेतृत्व कार्यक्रमात भाग घ्यायचा. महाविद्यालयाने ठरलेल्या दिवशी प्राध्यापक पाठवायचे, मार्गदर्शक शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा शाळेला वापरू द्यायची. एक कलम विसरू नका. रजेवरच्या शिक्षकांचे बदली तास घेण्यासाठी छात्राध्यापकांना दिवसात एकापेक्षा जास्त वेळा वापरायचं नाही. हे लिहून न ठेवल्यास आंतरवासितेचा अर्धा काळ मुलांना गप्प बसवण्यात जातो.

मनुष्यबळाचा हिशेब जमतो का, तेही पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.ला दरवर्षीच्या १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेमागे प्राचार्यांसह १६ प्राध्यापक लागतात. म्हणजे आंतरवासितेच्या काळात एका प्राध्यापकाकडे दुसऱ्या वर्षाचे सहा-सात छात्राध्यापक येतात. पदं भरलेली असतील, तर प्रत्येकाचा आठवड्यातून एक पूर्ण पाठ पाहणं आणि त्यावर बोलणं सहज शक्य आहे. पदं रिकामी असतील, तर संस्थाचालकांनी सुधारणेची सुरुवात तिथूनच करावी. कागदावरचे प्राध्यापक पाठ पाहू शकत नाहीत.

सोळा आठवड्यांची मांडणी

याच निकषांत २० आठवड्यांचा शालेय अनुभव सांगितला आहे, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. आंतरवासितेला किमान ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. एवढा वेळ पूर्वीच्या एका वर्षाच्या बी.एड.ला कधीच मिळत नव्हता. तो सुट्या पाठांत वाटून टाकू नका. पुढची मांडणी वापरून पाहा.

पहिला आठवडा फक्त निरीक्षणाचा. वर्गात मागे बसून शिक्षकाचे गुणदोष लिहायचे नाहीत. एका मुलाकडे लक्ष ठेवून त्याने तासभर काय केलं ते नोंदवायचं.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना ओळखायचं. प्रत्येक छात्राध्यापकाने दहा मुलांचं वाचन एकेकाला जवळ बसवून ऐकायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल कुठे अडतं, ते पाहायचं. ‘असर’च्या पाहणीतली ही साधी पद्धत माध्यमिक शाळेतही उपयोगी पडते. आठवीतल्या काही मुलांना इतिहासाचं पुस्तक का कळत नाही, याचं उत्तर अनेकदा तिथेच सापडतं.

तिसरा ते पाचवा आठवडा मार्गदर्शक शिक्षकाबरोबर सांघिक अध्यापन आणि छोट्या गटांना शिकवणं. सहावा ते तेरावा आठवडा हा खरा गाभा. आपल्या दोन विषयांतला प्रत्येकी किमान एक संपूर्ण घटक शिकवायचा. पूर्वज्ञान तपासण्यापासून घटक चाचणी काढणं, ती तपासणं आणि चुकांवर पुन्हा शिकवणं इथपर्यंत सगळं एकाच छात्राध्यापकाने करायचं. चौदावा आणि पंधरावा आठवडा पूर्ण दिवसाच्या जबाबदारीचे: परिपाठ, हजेरी, पोषण आहाराच्या वेळची देखरेख, पालकसभा. सोळाव्या आठवड्यात शाळेतल्या शिक्षकांसमोर मांडणी करायची, की आम्हाला या मुलांबद्दल हे कळलं आणि हे जमलं नाही.

संपूर्ण घटकाचा आग्रह का, ते एका उदाहरणावरून कळेल. पाचवीच्या वर्गात ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ असं विचारलं, की बरीच मुलं ‘एक चतुर्थांश’ म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा आहे. एकाच तासिकेचा पाठ असेल, तर छात्राध्यापक योग्य उत्तर सांगून पुढे जातो आणि फळ्यावरच्या आकृतीचे गुण मिळवतो. तोच घटक दहा दिवस शिकवायचा असेल, तर हीच चूक चौथ्या दिवशी बेरजेत आणि पुढे दशांश अपूर्णांकांत ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणण्यात पुन्हा समोर येते. मग त्याला कागदाच्या पट्ट्या घड्या घालून दाखवाव्या लागतात, संख्यारेषेवर जावं लागतं, मुलांना ‘असं का वाटलं?’ हे विचारावं लागतं. विषय येणं आणि तो विषय मुलांना कसा अवघड जातो हे कळणं यांतलं अंतर ली शुलमन यांनी १९८६ मध्ये नेमकेपणाने मांडलं. आशययुक्त अध्यापनाच्या पेपरात आपण ते शिकवतोही. मात्र ते अंगवळणी पडतं ते असा घटक निभावतानाच.

पाठानंतर काय बोलायचं

अभिप्राय वह्या उघडून पाहा. ‘आवाज चांगला’, ‘फलकलेखन सुधारावे’, ‘प्रस्तावना प्रभावी’, ‘वेळेचे भान ठेवावे’ ही वाक्यं पानोपानी सापडतील. ती कुठल्याही पाठाला लागू पडतात, म्हणून कुणालाच उपयोगी पडत नाहीत.

पाठ संपल्यावर त्याच दिवशी, बसून, तीन प्रश्नांवर बोला. आज मुलांनी काय शिकावं असं तुला वाटत होतं? ते कुणाला आलं आणि कुणाला नाही, हे तुला कशावरून कळलं? उद्याच्या तासाला तू यातलं काय बदलशील? पहिल्यांदा छात्राध्यापकाला बोलू द्या, नंतर मार्गदर्शक शिक्षकाला आणि शेवटी प्राध्यापकाने बोलावं. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगा आणि पुढच्या पाठात तीच पाहा.

सूक्ष्म अध्यापनाकडेही या नजरेने पुन्हा बघायला हवं. आपल्याकडे रूढ असलेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुनर्अध्यापन आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. सर्वांत जास्त वेळ नियोजन बदलण्याला दिलेला आहे. प्रत्यक्षात वेळ कमी पडला, की नेमकी हीच बारा मिनिटं आणि पुनर्अध्यापन गळतं. उरतं ते फक्त एकदा शिकवणं आणि सही घेणं. वर्षभरात कौशल्यांची संख्या निम्मी केली तरी चालेल, पण चक्र पूर्ण करा. चुकलेलं सुधारून लगेच पुन्हा करणं हाच या पद्धतीचा जीव आहे.

मार्गदर्शक शिक्षकांसाठी आंतरवासितेआधी दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. चित्रफितीवर एक पाठ सर्वांनी मिळून पाहायचा आणि वरच्या तीन प्रश्नांवर चर्चा कशी चालवायची, याचा सराव करायचा. या कामाचे तास लिहून ठेवा आणि महाविद्यालयाचं प्रमाणपत्र द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा, अशी अपेक्षा आहे. दुसऱ्याला शिकवायला शिकवणं याइतकं चांगलं निमित्त त्यासाठी दुसरं नाही.

मुख्याध्यापकांचे पन्नास तास

मुख्याध्यापकांचा दिवस कशात जातो, हे सभागृहातून कळत नाही. यू-डायसची माहिती, शालार्थमधली वेतन देयकं, पोषण आहाराच्या नोंदी, संच मान्यतेची चिंता, तालुक्याच्या बैठका. ही कामं त्यांच्यावर लादलेली आहेत आणि ती टाळता येत नाहीत. त्यामुळे ‘तुम्ही प्रशासनात अडकून पडता’ असं सुनावून प्रशिक्षण सुरू करू नका. पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्या एका आठवड्याच्या वेळेची नोंद आणावी आणि कुठलं काम कुणाकडे सोपवता येईल, कुठलं ठरावीक वाराला बांधता येईल, हे एकमेकांच्या मदतीने शोधावं. आठवड्याला तीन तास मोकळे झाले, तरी पुढचा कार्यक्रम उभा राहतो.

त्या तीन तासांचं काय करायचं, याला संशोधनाचा आधार आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणारा आणि त्या शिकण्यात स्वतः सहभागी होणारा मुख्याध्यापक, याचा मुलांच्या शिकण्याशी सर्वांत घट्ट संबंध त्यांना आढळला. म्हणजे मुख्याध्यापकांनी शिक्षकांना प्रशिक्षणाला नुसतं पाठवायचं नाही, शेजारी बसायचं.

धोरणातली ५० तासांची अपेक्षा मुख्याध्यापकांनाही लागू आहे. ते तास सलग आठ-दहा दिवसांत उरकण्याऐवजी वर्षभर पसरवा. सुरुवातीला दोन दिवसांचं निवासी सत्र (१२ तास), मग दरमहा तीन तासांच्या आठ बैठका (२४ तास), एकमेकांच्या शाळांना अर्ध्या दिवसाच्या तीन भेटी (१२ तास) आणि अखेरीस दोन तासांची मांडणी.

वर्षभरासाठी प्रत्येकाने आपल्या शाळेचा एकच प्रश्न निवडावा. समजा, सातवीपर्यंतच्या शाळेत तिसरीतल्या निम्म्या मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. पहिल्या महिन्यात कोण कुठे अडतं याची यादी करायची. दुसऱ्या महिन्यात तिसरीच्या वर्गात स्वतः बसून वाचन कसं शिकवलं जातं ते पाहायचं आणि शिक्षिकेशी वरच्याच तीन प्रश्नांवर बोलायचं. तिसऱ्या महिन्यात वेळापत्रकात वाचनाचा रोजचा वेळ बसवायचा आणि ग्रंथालयातली कुलूपबंद पुस्तकं वर्गात आणायची. चौथ्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीसमोर हीच माहिती ठेवायची. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला सदस्य असाव्यात असं सांगितलं आहे. शाळा विकास आराखडा तयार करणं हे समितीचं काम आहे. आराखड्यात शौचालयं आणि कुंपणासोबत ‘मार्चपर्यंत इतकी मुलं गोष्ट वाचतील’ हे वाक्य आलं, की मुख्याध्यापकाचं नेतृत्व दिसू लागतं.

पाठ्यसामग्रीसाठी शून्यातून सुरुवात करायची गरज नाही. दिल्लीच्या ‘नीपा’मध्ये २०१२ पासून राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र आहे. स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी आणि प्रशासन अशा क्षेत्रांत त्यांनी आराखडा मांडलेला आहे. छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र राज्य शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि तुमच्या जिल्ह्यातलं ‘डाएट’ यांनाही सोबत घ्या. त्यांचं साहित्य वापरा, मात्र उदाहरणं तुमच्या दहा शाळांतली असू द्या.

दोन्ही कार्यक्रमांची गाठ कुठे पडते

ही गाठ कागदावर नको, कामात हवी. छात्राध्यापकांनी दुसऱ्या आठवड्यात केलेल्या वाचनाच्या नोंदी मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचा आरंभबिंदू ठरतील. मुख्याध्यापकांनी वर्गनिरीक्षणाचा सराव छात्राध्यापकांच्या पाठांवर करावा. पुढे अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात बसताना तो कामी येतो. छात्राध्यापकांची सोळाव्या आठवड्याची मांडणी केंद्राच्या शिक्षण परिषदेत ठेवता आली, तर सगळ्या केंद्राला त्याचा लाभ होईल. नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षी दोन महिन्यांतून एकदा रविवारी बैठक ठेवा. ते सांगतील त्या अडचणी पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात घाला.

प्राध्यापकांनी पुन्हा वर्गात उभं राहावं

यासाठी प्राध्यापकांची तयारी हवी, आणि ती वाचनाने होत नाही. प्रत्येक मेथड मास्टरने वर्षातून किमान एक घटक सहकारी शाळेत, छात्राध्यापकांसमोर स्वतः शिकवावा. तो फसला तरी हरकत नाही. त्यावर तीच तीन प्रश्नांची चर्चा व्हावी.

ही परंपरा महाराष्ट्राची आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम वाढलं. तिथे बालशिक्षणाचं प्रशिक्षण चालत्या बालवाडीच्या अंगणात होत होतं. लीलाताई पाटलांनी अनेक वर्षं अध्यापक महाविद्यालयांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलं. आपण जे सांगत आलो, ते मुलांसोबत करून पाहण्यासाठी. आपल्याला निवृत्तीपर्यंत थांबायचं कारण नाही.

यश कशावरून ठरवायचं

प्रशिक्षण संपताना भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘अत्यंत उपयुक्त’ असं लिहिलेलं असतंच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि त्याचा परिणाम काय झाला. आपण बहुधा पहिल्याच स्तरावर थांबतो. पुढच्या तीन स्तरांसाठी साध्या नोंदी पुरतात. छात्राध्यापकाने घटकाआधी आणि घटकानंतर घेतलेल्या चाचण्यांतले मुलांचे पेपर जपून ठेवा. मुख्याध्यापकांनी महिन्यात किती वर्ग पाहिले आणि त्यावर किती चर्चा झाल्या, याची वही ठेवा. जुलैमध्ये ज्या मुलांचं वाचन ऐकलं, त्यांचंच मार्चमध्ये पुन्हा ऐका. निकाल वाईट आला, तर तो सहकारी शाळांसमोर तसाच मांडा. विश्वास त्यानेच वाढतो.

हजेरीबद्दल स्पष्ट बोलू

प्रवेश घ्यायचा, परीक्षेलाच यायचं आणि पाठांच्या वह्या भरून द्यायच्या, असा सौदा काही महाविद्यालयांत चालतो, हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ च्या त्याच्या अहवालानंतर अभ्यासक्रमांची मुदत वाढली, पण मुदत वाढल्याने हजेरी आपोआप वाढत नाही. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्या ३४ वर्षांत वर्षाला ४० मुलं धरली, तरी साडेतेराशेच्या आसपास मुलं त्याच्या हाताखालून जातात. खोट्या सहीची किंमत ती मुलं मोजतात. वर सांगितलेली मांडणी अशा महाविद्यालयात चालणारच नाही, आणि तडजोड करून ती चालवूही नये.

या वर्षी काय करता येईल

सगळं एकदम उभं करू नका. एप्रिल-मेमध्ये चार शाळा निवडून करार करा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांचं निवासी सत्र आणि मार्गदर्शक शिक्षकांची कार्यशाळा घ्या. जुलैपासून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आंतरवासिता आणि मुख्याध्यापकांची मासिक बैठक सुरू करा. शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दोन तास प्राध्यापक, मार्गदर्शक शिक्षक आणि छात्राध्यापक एकत्र बसू देत. मार्चमध्ये नोंदी मांडा आणि पुढच्या वर्षी शाळांची संख्या दुप्पट करा. खर्च मुख्यतः प्रवासाचा आणि सत्रांच्या भोजनाचा आहे; तो अंदाजपत्रकात आधीच धरा, म्हणजे ऐनवेळी भेटी रद्द होणार नाहीत.

अभ्यासक्रमांची नावं आणि मुदती बदलत राहतील. २०२३-२४ पासून चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम देशातल्या ५७ संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. उद्या आणखी बदल होतील. रचना कोणतीही येवो, तिला शाळा लागणार, त्या शाळेत जाणता मुख्याध्यापक लागणार आणि मुलांच्या चुका समजून घेणारा शिक्षक लागणार. ज्या महाविद्यालयाने दहा शाळांशी असं नातं जोडलं आहे, त्याला कुठल्याही बदलाची भीती बाळगायला नको. म्हणून पुढच्या प्राध्यापक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच घ्या: आपल्या पहिल्या चार शाळा कोणत्या, आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना भेटायला कोण, कधी जाणार?